चाकूची मूठ

१८५१ सालीं लंडनच्या हाइड पार्कमध्यें जें मोठें औद्योगिक प्रदर्शन भरलें, त्यांत शेफील्डच्या जोसेफ रॉजर्स आणि सन्स या पेढीनें एक अजस्र चाकू मांडला होता. 'नॉरफोक चाकू' या नांवानें तो पुढें प्रसिद्धीस आला. त्याला पंचाहत्तर पातीं होतीं. तीं सर्व पंख्यासारखीं उघडून ठेविलेलीं असल्यामुळें, खिशांत मिटून ठेवण्याच्या एका साध्या हत्याराचा हा विस्तार आहे, हें पाहणाराच्या ध्यानांतहि येत नसावें. प्रेक्षकांनीं पातीं मोजलीं, पात्यांवरचीं चित्रें न्याहाळलीं आणि ते पुढें गेले. परंतु त्या चाकूची मूठ मोत्याच्या शिंपल्याची होती आणि तिच्यावर शिकारीचे देखावे कोरलेले होते. धंद्यांतल्या जाणत्याची नजर आधीं तेथेंच गेली असती. पोलादाचें चांगलें पातें करणारे हात त्या गांवांत पुष्कळ होते. एकाच घडणीचा चाकू मजुराच्या खिशांत जावयाचा कीं सरदाराच्या टेबलावर, हें बहुधा मुठीवरून ठरत असे. हाड, शिंग, सांबरशिंग, हस्तिदंत, शिंपला अशी ती चढती भाजणी होती.

या निवडींत केवळ शोभेचा प्रश्न नव्हता. साध्या सुरीची मूठ करणें सोपें असतें. पात्याची शेपटी मुठींत ठोकली, राळ ओतली, कीं काम झालें. मिटत्या चाकूची मूठ ही वास्तविक एक अरुंद पेटी आहे. दोन्ही अंगांना पितळेचे किंवा लोखंडाचे पातळ पत्रे, पाठीच्या बाजूला त्यांच्यामध्यें पोलादाची स्प्रिंग, आणि उरलेल्या पोकळींत निजलेलें पातें. बाहेरून या पत्र्यांवर ज्या दोन पट्ट्या रिविटांनीं जडवितात, त्यांनाच लोक मूठ म्हणून ओळखतात. या पट्ट्या पातळ हव्यात, नाहींतर चाकू खिशांत जड होतो. पण त्यांत भोंक पाडतांना आणि रिविट ठोकतांना त्या तडकतां कामा नयेत. स्प्रिंगचा ताण वर्षानुवर्षें सोसून त्या सैल होतां कामा नयेत. पावसाळ्यांत फुगतां आणि उन्हाळ्यांत आकसतां कामा नयेत. शिवाय ओल्या किंवा घामेजल्या हातांतून त्या निसटूं नयेत. इतक्या अटी एकाच पदार्थानें पुऱ्या केल्याचें उदाहरण मिळत नाहीं, आणि मुठीचा सगळा इतिहास या अपुरेपणांतूनच निघालेला आहे.

मिटता चाकू ही मोठी जुनी वस्तु आहे. ऑस्ट्रियांतील हालस्टाट येथें इसवी सनापूर्वीं सहाव्या शतकाच्या सुमाराचा असा एक चाकू सांपडला असून त्याची मूठ हाडाची आहे. रोमन लोकांचे मिटते चाकू हाडाच्या, हस्तिदंताच्या आणि कांशाच्या मुठींचे आढळतात. त्यांपैकीं कांहींच्या मुठी कुत्र्याच्या किंवा सिंहाच्या आकाराच्या आहेत. त्यांना स्प्रिंग नसे. पातें नुसतें घट्ट बसविलेल्या खिळ्यावर फिरे. शेफील्डची कीर्ति चौदाव्या शतकाइतकी जुनी आहे. कवि चॉसर यानें 'कँटरबरी टेल्स'मधील एका गिरणीवाल्याच्या मोज्यांत शेफील्डचा चाकू खोंवून ठेविला आहे. १६२४ मध्यें पार्लमेंटच्या कायद्यानें तेथील चाकूवाल्यांची संस्था स्थापन झाली आणि प्रत्येक कारागिराच्या खुणेची नोंद होऊं लागली. त्यानंतर स्प्रिंगचा चाकू रूढ झाला. पिसाची लेखणी तासण्यासाठीं लहान चाकू प्रत्येक लिहित्या माणसाला लागे, म्हणूनच इंग्रजींत त्याला 'पेननाइफ' हें नांव पडलें. आपल्याकडे दप्तरांत बसून बोरू तासणाऱ्या कारकुनाचा 'कलमतराश' हा त्याच कुळांतला.

आरंभीं बहुतेक मुठी शिंगाच्या आणि हाडाच्या असत. हा कसाईखान्यांतला टाकाऊ माल होता. त्यांत शिंगाचा गुण मोठा चमत्कारिक. गाईबैलांचें व म्हशीचें शिंग हें नखाच्या जातीचें असतें. तें तापविलें म्हणजे मऊ पडतें, उलगडून सपाट करतां येतें, आणि सांच्यांत दाबलें तर सांच्याची नक्षी घेऊन थंड होतें. शेफील्डांत शिंगाच्या मुठी अशा दाबून काढणारा कारागिरांचा एक वर्गच होता. प्लॅस्टिकचें युग विसाव्या शतकांत उगवलें असें समजणाऱ्यांनीं हे शिंगाचे सांचे पाहावेत. मात्र जें उष्णतेनें वळतें, तें पुढें उष्णतेनेंच वांकडें होतें. शेगडीजवळ विसरलेल्या शिंगाच्या मुठीची पट्टी कडेला उचलली जाते आणि तिच्याखालीं ओल शिरते. शिवाय किड्यालाहि तें खाद्य आहे. हाड त्या मानानें शिस्तीचें. तें वळत नाहीं, रंग घेतें आणि स्वस्त पडतें. सतराव्या शतकांत शेफील्डांत निघालेला 'बार्लो' जातीचा चाकू साधारणपणें हाडाच्याच मुठीचा असे. पात्याच्या बाजूला लांबलचक लोखंडी तुकडा आणि मागें हाड, अशी त्याची ठेवण. त्या लोखंडामुळें चाकूला जेथें जोर बसतो तेथें बळकटी येई आणि हाडाचाहि खर्च वांचे. तो अमेरिकेंत इतका पसरला कीं मार्क ट्वेनच्या १८७६ सालच्या कादंबरींत टॉम सॉयरला बक्षीस मिळतो तो बार्लोच. त्यानें कांहीं कापलें जात नव्हतें, पण तो बार्लो होता, एवढ्यानेंच त्या मुलाला स्वर्ग दोन बोटें उरला!

मुठीच्याच एका दुरुस्तींतून शेफील्डला दुसरा धंदा मिळाला, अशी तेथें परंपरेनें सांगितली जाणारी हकीकत आहे. १७४३ च्या सुमारास थॉमस बोल्सोव्हर नांवाचा कारागीर एका चाकूची मूठ दुरुस्त करीत होता. तींत तांबें आणि चांदी हीं दोन्हीं होतीं. भट्टींत ती जरा जास्त तापली आणि दोन्ही धातु एकमेकांना कायमचे चिकटले. पुढें हा जोड पत्रा लाटून पाहतां दोन्ही थर सारखेच पसरतात असें त्याला दिसून आलें. त्यांतून 'शेफील्ड प्लेट' म्हणजे तांब्यावर चांदीचा पत्रा चढविलेलीं भांडीं निघालीं, आणि चांदी न परवडणाऱ्या घरांतल्या टेबलांवरहि चांदी चमकूं लागली.

मुठीच्या पदार्थांत महाराष्ट्राशीं ज्याचें नातें आहे असा पदार्थ म्हणजे सांबरशिंग. आपल्या घरांत सांबरशिंग ठाऊक असतें तें सहाणेवर उगाळून सुजेवर लेप देण्यासाठीं. तेंच शिंग भारतांतून जहाजांनीं इंग्लंडला जाई आणि शेफील्डांत त्याच्या मुठी होत. नांवांत शिंग असलें तरी म्हशीच्या शिंगाशीं त्याचा कांहीं संबंध नाहीं. म्हशीचें शिंग आंतून पोकळ, जन्मभर डोक्यावर राहणारें. सांबराचें शिंग हें भरीव हाड आहे. नराला तें फुटतें, मखमलीसारख्या कातडीखालीं वाढतें, वाळतें, आणि कालांतरानें गळून पडतें. मध्यप्रांतांतील जंगलांत उन्हाळ्याच्या तोंडाशीं तें पडलेलें सांपडतें. म्हणजे हा माल मिळविण्यासाठीं जनावर मारावें लागत नसे. सातपुड्याच्या रानांत फिरणाऱ्या माणसाला वाळक्या पानांत पडलेलें शिंग हातीं लागे आणि कांहीं आण्यांना तो तें विके. सगळींच शिंगें अशीं वेंचलेलीं होतीं असें मात्र समजूं नये. शिकाऱ्याच्या बंदुकीनें पडलेल्या सांबरांचीं शिंगेंहि याच वाटेनें गेलीं.

युरोपांतल्या हरणांचीं शिंगें सोडून शेफील्डनें सांबराचेंच शिंग कां पत्करावें? त्याचा आंतला भुसभुशीत गाभा कमी आणि बाहेरचा टणक थर जाड. चाकूच्या पातळ पट्टींत गाभा आला तर ती ठिसूळ होते. कारागिराला हवी असे ती फक्त बाहेरची साल, खाचाखळग्यांसह, तपकिरी रंगासह. वांकलेल्या गोल शिंगांतून सपाट, जुळत्या दोन पट्ट्या काढावयाच्या म्हणजे बराचसा भाग वाया जाई. एका बाजूची खाच दुसऱ्या बाजूच्या खाचेला शोभली पाहिजे, म्हणून ढिगांतून जोड्या जुळवीत बसणें हें एक स्वतंत्र कसब होतें. पण एकदां बसलेली सांबरशिंगाची मूठ ओल्या हातांत घट्ट राहते. झाडांची छाटणी करणारा माळी याच मुठीचा चाकू पसंत करी, आणि त्याची पसंती शोभेवर चाललेली नव्हती. सर्व पदार्थांचा हिशेब मांडला तर काम करणाऱ्या माणसाच्या दृष्टीनें सांबरशिंगाला पहिला मान द्यावा लागेल. हस्तिदंताचा दिमाख मोठा, पण त्याचा हिशेब निराळा आहे.

हस्तिदंत करवतीनें कापावा तसा कापला जातो, त्याला लोण्यासारखी झिलई येते, त्यावर बारीक कोरीव काम होतें, आणि हातांत तो थंडगार न लागतां माणसाळलेला वाटतो. त्याचे दोष दोन. कोरड्या हवेंत त्याला रेघेसारख्या भेगा पडतात, आणि कालांतरानें तो पिवळा होतो. दुसऱ्या गोष्टीला शौकीन दोष मानीतच नाहींत. रॉजर्सच्या कोठारांत आफ्रिकेंतून आलेल्या सुळ्यांच्या राशी पडलेल्या असत आणि पाहुण्यांना त्या मुद्दाम दाखविल्या जात. व्हिक्टोरियन काळांतल्या पुढाऱ्याच्या जेवणाच्या सुऱ्या, पियानोच्या पट्ट्या, बिलियर्डचे चेंडू आणि खिशांतला चाकू हीं सगळीं एकाच राशींतून निघत. सांबर शिंग टाकून देतो आणि चरावयास लागतो. हत्ती सुळा टाकीत नाहीं. सुळ्याचा सुमारें तिसरा हिस्सा कवटींत रुतलेला असतो, आणि तो सबंध काढावयाचा म्हणजे हत्ती मेलेलाच असावा लागतो. कोठारांतली रास पाहणाऱ्या पाहुण्याला हा हिशेब कोणी सांगितला असेल असें वाटत नाहीं.

शिंपल्याची गोष्ट समुद्राची. ऑस्ट्रेलियाच्या वायव्य किनाऱ्यावर ब्रूम येथें एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून मोठ्या शिंपल्यांसाठीं बुड्या मारणाऱ्यांची वस्ती जमली. त्यांत जपानी आणि मलायी लोक पुष्कळ होते. पाण्याच्या दाबानें आणि वादळांनीं किती गेले, हें तेथील जपानी स्मशानभूमि सांगते. शिंपल्यावर प्रकाश खेळतो, तसा दुसऱ्या कोणत्याहि पदार्थावर खेळत नाहीं. पण तो दगडासारखा कठीण आणि कांचेसारखा ठिसूळ. भोंक पाडतांना किंचित् दाब जास्त झाला कीं तासाभराची मेहनत दोन तुकडे होऊन हातांत येते. असा चाकू फरशीवर पडला तर पातें शाबूत राहून मूठच फुटते. म्हणून तो बायकांच्या पेटींत आणि वकिलांच्या मेजावर राहिला, शेतांत गेला नाहीं. तो घासतांना उडणारी धूळहि निरुपद्रवी नव्हती. शिंपल्याचें काम करणाऱ्या तरुण पोरांच्या हाडांना सूज येते, अशी नोंद व्हिएन्नाच्या डॉक्टरांनीं १८७० च्या सुमारास केली. शेफील्डांत पातीं घासणाऱ्यांचीं फुप्फुसें दगडाच्या धुळीनें लवकर निकामी होत, हें तर त्याआधींच सर्वश्रुत होतें. आपल्याकडे शंख-शिंपला देवघरांत चालतो आणि हाड चालत नाहीं, त्यामुळें शिंपल्याच्या मुठीला सोंवळ्यांतहि कोणी नाक मुरडलें नसतें. त्या शुद्ध पदार्थाची ही दुसरी बाजू ध्यानांत ठेवण्याजोगी आहे.

हस्तिदंत महाग होत गेला तशी नकलेची धडपड सुरू झाली. १८६२ च्या लंडनच्या प्रदर्शनांत बर्मिंगहॅमच्या अलेक्झांडर पार्क्सनें 'पार्केसाइन' नांवाचा कृत्रिम पदार्थ मांडला. पुढच्याच वर्षीं न्यूयॉर्कच्या एका बिलियर्डवाल्या पेढीनें हस्तिदंताला पर्याय शोधणाऱ्यास दहा हजार डॉलरांचें बक्षीस जाहीर केलें, आणि त्या नादानें जॉन वेस्ली हायट या छापखान्यांतल्या माणसानें १८६९-७० च्या सुमारास सेल्युलॉइड तयार केलें. नत्राम्लांत मुरविलेला कापूस आणि देवापुढें जाळतात तो कापूर, हे त्याचे दोन घटक. दोन्ही पेट घेणारे, म्हणून तयार झालेला पदार्थहि पेट घेणाराच. पण तें हवें तें रूप घेई. हस्तिदंताच्या बारीक रेषा त्यांत आणतां येत, कासवाच्या पाठीचे डाग आणतां येत, शिंपल्याची झळाळी आणतां येई. १८८० नंतर चाकूंच्या मुठींवर त्याचें राज्य सुरू झालें. चाकू घेणाराला एक गोष्ट मात्र कित्येक वर्षें कळली नाहीं. सेल्युलॉइड जुनें झालें म्हणजे त्यांतून नत्राची आंबट वाफ सुटते, आणि पेटींत ठेवलेल्या चाकूचें पातें त्या वाफेनें गंजून जातें. नुसतें त्याचेंच नव्हे, शेजारच्या चाकूंचेंहि. म्हणून जुने चाकू जमविणारे लोक सेल्युलॉइडच्या मुठीचे चाकू आजहि वेगळ्या खणांत ठेवतात. पात्याचें रक्षण करण्यासाठीं जी मूठ, तिनेंच पातें खावें, असा हा प्रकार आहे.

नक्कल सांबरशिंगाचीहि झाली. अमेरिकेंत १८९० च्या मॅकिन्ले जकातीनें शेफील्डच्या मालाला भिंत उभी राहिली आणि तेथले स्वदेशी कारखाने वाढले. त्यांना सांबरशिंग परवडेना. त्यांनीं गुरांच्या नळीच्या हाडावर यंत्रानें खांचा पाडल्या आणि तें तपकिरी रंगांत शिजवलें. लांबून पाहणाराला तें शिंग वाटे. पण थोड्याच वर्षांत या खांचाळ हाडाचा स्वतंत्र शौक निर्माण झाला, आणि १९६० नंतर डेल्रिन नांवाचें कणखर प्लॅस्टिक निघालें तेव्हां कारखानदारांनीं त्यावर त्या हाडाच्याच खांचा उठविल्या. शिंगाचें सोंग घेणारें हाड, आणि हाडाचें सोंग घेणारें प्लॅस्टिक! निसर्गांतली मूळ खाच कोणत्या रानांतल्या सांबराच्या कपाळावरची, हें घेणारालाहि ठाऊक नसे आणि विकणारालाहि.

हें सर्व ऐपतीचें आणि आवडीचें. पण एखाद्या सरकारलाच हजारों शिपायांसाठीं मूठ निवडावयाची असली तर? स्वित्झर्लंडनें तें केलें आहे. १८९० सालच्या नमुन्याप्रमाणें तेथील शिपायांना मिटते चाकू द्यावयाचे ठरले. स्विस कारखान्यांना एवढी मागणी पुरविणें शक्य नसल्यानें पहिला माल जर्मनींतील झोलिंगनहून आला, आणि १८९१ पासून इबाख गांवच्या कार्ल एल्सेनर यानें तो पुरविण्यास आरंभ केला. मूठ काळसर ओक लांकडाची होती. लांकूड स्वस्त आणि हाताला सुखकर, पण शिपायाच्या हातून तें आपटलें जाई आणि कडेला तुटे. पुढें लांकूड जाऊन 'फायबर' आलें. हा कापसाच्या चिंध्यांच्या कागदाला जस्ताच्या क्षारांत भिजवून व दाबून केलेला टणक पुठ्ठा होय. १९६१ मध्यें तोहि जाऊन खरबरीत ॲल्युमिनियमच्या पट्ट्या आल्या आणि चाकू हलका झाला. २००८ च्या नमुन्याला प्लॅस्टिकची मूठ असून पकडीसाठीं तींत रबरासारखा मऊ भाग बसविला आहे. या चार निवडींत सौंदर्याचा शब्दहि कोठें आला नाहीं. फ्रान्समधील सावॉय प्रांतांत जोसेफ ओपिनेल यानें १८९० मध्यें जो शेतकऱ्याचा चाकू काढला, त्याची गोष्ट याच्या उलट. त्याला पत्रे नाहींत, पाठीची स्प्रिंग नाहीं. लांकडाचा एक दांडा, त्यांत चीर, आणि पातें. तो पावसांत भिजला कीं लांकूड फुगून पातें अडकून बसतें आणि दांडा दगडावर आपटून तें बाहेर काढावें लागतें. तरी तो बीचच्या लांकडाच्या मुठीसह आजहि विकला जातो. स्वस्ताई पुरेशी असली तर माणूस असला दोष आनंदानें सोसतो!

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत निवडीचा अधिकारच आकसला. भारतांत १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा झाला, त्याच्या पुढील दुरुस्त्यांनीं हस्तिदंताचा व्यापार बंद पडला, आणि शतकाच्या अखेरीस सांबरशिंगाची निर्यातहि थांबली. तेव्हां शेफील्डांत आणि झोलिंगनमध्यें जुन्या, बंद पडलेल्या कारखान्यांच्या माळ्यांवर उरलेल्या पट्ट्यांचे डबे सोन्यासारखे जपले जाऊं लागले. रानांत गळून पडलेलें शिंग उचलण्यास बंदी कशासाठीं, असा प्रश्न पुष्कळांनीं विचारला. उत्तर सोपें आहे. वेंचलेलें शिंग आणि मारलेल्या सांबराचें शिंग, हे दोन्ही पट्टी झाल्यावर ओळखतां येत नाहींत. हस्तिदंताचा आंतरराष्ट्रीय व्यापार बंद करण्याचा निर्णय १९८९ मध्यें झाला. नव्या चाकूंच्या मुठींवर आतां कापडाचे किंवा कांचतंतूंचे थर राळेंत दाबून केलेले पदार्थ येतात. ते फुगत नाहींत, तडकत नाहींत, किडा त्यांना शिवत नाहीं. रिविट ठोकणाऱ्याचे सगळे जुने हट्ट त्यांनीं पुरविले आहेत. त्यांना हातांत धरून कोणी फिरवीत बसत नाहीं, एवढेंच.

ब्रिटनमध्यें २०१८ चा हस्तिदंत कायदा २०२२ पासून अमलांत आला. त्यांत १९४७ पूर्वींच्या वस्तूंना एक सूट आहे, पण वस्तूंतला हस्तिदंत तिच्या एकूण आकारमानाच्या दहा टक्क्यांहून कमी असला पाहिजे. मिटत्या चाकूच्या दोन्ही पट्ट्या हस्तिदंताच्या असल्या तर तो या मापांत बसणें कठीण. याचा अर्थ असा कीं, आजोबांचा रॉजर्सचा चाकू नातवाला वारशानें किंवा भेट म्हणून देतां येतो, विकतां मात्र येत नाहीं. आतां चाकू भेट देण्याविषयीं इंग्रजांत एक जुनी समजूत आहे. चाकूनें स्नेह तुटतो, म्हणून घेणारानें देणाराच्या हातावर एक पेनी ठेवावी, म्हणजे ती भेट न राहतां खरेदी होते आणि दोष टळतो. कायद्याचा कीस काढणाऱ्यानें ती पेनी पाहिली तर त्या आजोबांची पंचाईत होईल.